बँड संपल्यावर गायकाकडे काय उरतं? रॉबर्ट प्लांटचं उदाहरण

२५ सप्टेंबर १९८० ला लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचा ड्रमर जॉन बॉनम गेला. त्याचं वय ३२ होतं. ४ डिसेंबरला उरलेल्या तिघांनी, म्हणजे गिटारवादक जिमी पेज, बेस आणि कीबोर्ड वाजवणारा जॉन पॉल जोन्स आणि गायक रॉबर्ट प्लांट यांनी, आता पूर्वीसारखं पुढे जाता येणार नाही असं जाहीर केलं. प्लांटही तेव्हा ३२ वर्षांचाच होता. जगातल्या सर्वांत मोठ्या बँडपैकी एकाचा गायक एका निवेदनानिशी बेकार झाला होता.

अशा गायकाची कारकीर्द नुसती अल्बमची यादी वाचून कळत नाही. बँड थांबतो तेव्हा तोवर एकत्र असलेल्या चार गोष्टी सुट्या होतात: बँडचं नाव, गाण्यांची रचना, त्या गाण्यांची ध्वनिमुद्रणं आणि गायकाचा गळा. पहिल्या तिन्हींचे कागद असतात, त्यांवरून कोर्टात जाता येतं. चौथीचा कागद नसतो आणि वयाबरोबर बदलते ती एकटीच. प्लांटने पुढच्या पंचेचाळीस वर्षांतले बहुतेक मोठे निर्णय या चौथ्या गोष्टीला धरून घेतले, असं आमचं मत आहे. ते नीट पाहायचं तर आधी बाकीच्या तिन्हींचा हिशोब समजायला हवा.

रचना वेगळी, रेकॉर्ड वेगळी

प्लांटचा जन्म १९४८ चा, इंग्लंडमधल्या वेस्ट ब्रॉमिचचा. १९६८ मध्ये पेजचा आधीचा बँड यार्डबर्ड्स फुटला होता, पण स्कँडिनेव्हियातले कार्यक्रम ठरलेले होते. टेरी रीड या गायकाने पेजला नकार दिला आणि प्लांटचं नाव सुचवलं. प्लांटने आपल्या जुन्या बँडमधल्या बॉनमला आणलं. ७ सप्टेंबर १९६८ ला डेन्मार्कमध्ये पहिला कार्यक्रम झाला. पहिला अल्बम लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत अवघ्या छत्तीसेक तासांच्या कामात तयार झाला आणि जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकेत बाजारात आला.

त्या अल्बमच्या मूळ वेष्टनावर गीतकार-संगीतकारांच्या नावांत प्लांट कुठेही नाही. याचं कारण साधारणपणे असं दिलं जातं की तो तेव्हा सीबीएस या दुसऱ्या कंपनीशी आधीच्या कराराने बांधलेला होता. नुसतं नाव राहून गेलं म्हणून हळहळण्याइतकी ही बाब साधी नाही, कारण पैसा त्या नावाच्या मागून येतो.

प्रत्येक गाण्यावर दोन वेगळे हक्क असतात. एक रचनेचा: चाल आणि शब्द. तो गीतकार-संगीतकारांचा आणि त्यांच्या प्रकाशकाचा. दुसरा ध्वनिमुद्रणाचा: त्या दिवशी स्टुडिओत जे टेपवर उतरलं ते. तो बहुधा रेकॉर्ड कंपनीकडे असतो आणि गायक-वादकांना त्यातून करारानुसार टक्का मिळतो. गाणं दुसऱ्या कुणी गायलं तर पहिला हक्क पैसे आणतो, दुसरा नाही. सिनेमात मूळ रेकॉर्ड वापरायची असेल तर दोन्ही बाजूंची परवानगी लागते. आणि अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर फक्त रचनाकारांना पैसे मिळतात. गायक-वादकांना आणि रेकॉर्ड कंपनीला काहीच नाही. म्हणजे त्या मूळ श्रेयांनुसार पहिल्या अल्बममधलं गाणं अमेरिकेतल्या रेडिओ केंद्रावर हजार वेळा वाजलं, तरी ज्याचा आवाज लोकांच्या कानात घुमला त्याच्या वाट्याला त्यातलं काही येणार नाही. (आपल्याकडे गायकांना रॉयल्टीचा हक्क कायद्यात यायला २०१२ ची दुरुस्ती उजाडावी लागली. त्याआधीच्या कितीतरी मोठ्या गळ्यांनी एकरकमी मानधनावरच गाणी गायली.)

दुसऱ्या अल्बमपासून शब्द लिहिण्याचं काम प्लांटकडे येत गेलं आणि नावंही ‘पेज-प्लांट’ अशी लागू लागली. बँडचं सर्वांत प्रसिद्ध गाणं, १९७१ च्या चौथ्या अल्बममधलं ‘स्टेअरवे टू हेवन’, याच दोन नावांवर आहे. १९८० नंतर प्लांटने स्टेजवर ते वर्षानुवर्षं गायचं टाळलं तरी त्याला घर चालवायची चिंता नव्हती, ती यामुळे. नको त्या कामाला नाही म्हणायची मोकळीक त्याला रचनेच्या हक्काने दिली. बँडमधल्या तरुण गायकांनी त्याच्या कारकीर्दीतून एकच व्यवहाराची गोष्ट उचलायची तर ती ही: शब्द तुमचे असतील, चालीत तुमचा हात असेल, तर गाणं प्रसिद्ध होण्याआधी कोणाचा किती वाटा ते लिहून सह्या करा. गाणं गाजल्यावर आठवणी वेगवेगळ्या निघतात.

हाच हक्क उलटतोही. ब्लूजचे जुने गीतकार विली डिक्सन यांनी झेपेलिनच्या ‘होल लॉटा लव्ह’मधल्या शब्दांवरून १९८५ मध्ये दावा केला. १९८७ मध्ये तडजोड झाली आणि त्या गाण्याच्या श्रेयात आता डिक्सन यांचंही नाव आहे. पुढे २०१४ मध्ये ‘स्टेअरवे’ची सुरुवात स्पिरिट या बँडच्या ‘टॉरस’ या रचनेवरून उचलली असा दावा झाला. त्यात एक विलक्षण बारकावा होता. ‘टॉरस’ १९६७ ची रचना, त्यामुळे तिला १९०९ चा जुना अमेरिकन कायदा लागू. त्यानुसार संरक्षण फक्त सरकारदरबारी जमा केलेल्या स्वरलिपीच्या कागदाला. साम्य आहे की नाही हे ठरवण्यासाठी ज्यूरीला ‘टॉरस’ची रेकॉर्ड ऐकवलीच गेली नाही, कागदावर जे लिहिलं होतं तेवढंच वाजवून दाखवलं गेलं. २०१६ मध्ये ज्यूरीने पेज-प्लांटच्या बाजूने निकाल दिला, मार्च २०२० मध्ये अपील न्यायालयाने तो कायम ठेवला आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. रचना आणि रेकॉर्ड किती वेगळ्या आहेत हे याहून स्पष्ट दाखवणारा खटला शोधून सापडणार नाही.

नाव कोणाचं?

बँडचं नाव ही सामायिक मालमत्ता असते, आणि माणूस गेल्यावर तिचं काय करायचं याला एकच रीत नाही. ‘द हू’ या बँडचा ड्रमर कीथ मून १९७८ मध्ये गेला. त्यांनी दुसरा ड्रमर घेतला आणि चालू राहिले. ‘एसी/डीसी’ या बँडचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये गेला. नवा गायक घेऊन त्यांनी त्याच वर्षी जुलैमध्ये ‘बॅक इन ब्लॅक’ आणला आणि तो त्यांचा सर्वांत जास्त खपलेला अल्बम ठरला. म्हणजे बॉनम गेला तेव्हा बदली माणूस घेऊन नाव चालवण्याचं ताजं, कमालीचं यशस्वी उदाहरण समोर होतं. झेपेलिनने ते केलं नाही.

१९९४ मध्ये पेज आणि प्लांट पुन्हा एकत्र आले, जुनी गाणी नव्या वाद्यमेळात गायली, पण जोन्सला बोलावलं नाही आणि नावही ‘पेज आणि प्लांट’ एवढंच लावलं. २००८ मध्ये उलटं झालं. आदल्या वर्षी एका कार्यक्रमासाठी बँड पुन्हा एकत्र आला होता, पण त्यानंतरच्या दौऱ्याला प्लांट तयार नव्हता, म्हणून पेज, जोन्स आणि बॉनमचा मुलगा जेसन यांनी दुसऱ्या गायकांबरोबर तालमी करून पाहिल्या. जमलं नाही, बेत सोडला. गिटारवादक बदलून बँड टिकल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. गायक बदलणं अवघड जातं, कारण श्रोत्याच्या मनात गाणं आणि गळा एकच होऊन बसलेले असतात.

गळ्याचं गणित

पुरुषाच्या बोलण्यात स्वरतंतू सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा एकमेकांवर आपटतात. हार्मोनियमच्या पांढरी एकपासून मोजलं तर मधल्या सप्तकातला ध, म्हणजे ४४० कंपनांचा सूर, गाताना ते सेकंदाला ४४० वेळा आपटतात. एका मिनिटात २६,४०० वेळा. सुरुवातीच्या वर्षांत प्लांट या सुराच्या आसपास आणि त्याच्याही वर सहज वावरत होता, तोही जोर लावून, खरखर मिसळून. झेपेलिनचे कार्यक्रम पुढे पुढे तीन तासांपर्यंत लांबत. स्टेजवर स्वतःचा आवाज ऐकायला चांगली सोय नव्हती. कानात घालायचे मॉनिटर त्या काळी नव्हतेच. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की गायक नकळत आणखी जोर लावतो. आजही हॉलमध्ये ड्रमच्या शेजारी उभं राहून गाणाऱ्या पोरांचा घसा याच कारणाने बसतो.

अशा वापराने स्वरतंतूंना मधोमध सूज येते. विश्रांती मिळाली नाही तर तिथे घट्ट गाठी होतात. मग तंतू पुरते मिटत नाहीत, फटीतून हवा निसटते आणि आवाज घोगरा होतो. ओळखायची एक साधी खूण आहे: वरचे सूर मोठ्याने लागतात, पण हळू आवाजात लागत नाहीत, फाटतात किंवा नुसती हवा येते. जोर लावून गाठीवर मात करता येते, हळू गाताना ती उघडी पडते. ही खूण दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने तपासून घ्यावं. आल्याचा काढा तंतूंपर्यंत पोचत नाही. गिळलेली कोणतीही वस्तू अन्ननलिकेत जाते.

प्लांटच्या आवाजातला बदल कानांनी पकडता येतो. ‘हाऊ द वेस्ट वॉज वन’ या संचातली ध्वनिमुद्रणं जून १९७२ ची, कॅलिफोर्नियातली. तिथे वरचे सूर अजून मोकळे आहेत. तेरा महिन्यांनी, जुलै १९७३ मध्ये, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तोच गायक त्याच गाण्यांच्या वरच्या ओळी खालून वळवून घेतो. अनेक चाहते याला उतरण म्हणतात. आम्हाला ती गायकाची पहिली शहाणी तडजोड वाटते: तिथपासून तो चालीत नव्या वाटा शोधायला लागला, आणि नंतरच्या आयुष्यात नेमकी तीच सवय कामी आली.

शरीरावरचे घाव वेगळेच. ऑगस्ट १९७५ मध्ये ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर मोटारीला अपघात झाला आणि पुढच्या अल्बमची गाणी त्याने चाकाच्या खुर्चीत बसून म्हटली. जुलै १९७७ मध्ये, बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना, त्याचा पाच वर्षांचा मुलगा आजारपणाने गेला. दौरा तिथेच थांबला. १९८० चा निर्णय समजून घेताना ही वर्षं विसरून चालत नाही.

एकट्याने

पहिला एकट्याचा अल्बम जून १९८२ मध्ये आला. गिटारवर रॉबी ब्लंट. आठपैकी सहा गाण्यांत ड्रमवर फिल कॉलिन्स, दोनांत कोझी पॉवेल. पुढच्या वर्षीचं ‘बिग लॉग’ मंद, मोकळ्या जागांचं गाणं, गळ्याला कुठेही न ताणणारं. ते ब्रिटनमध्ये अकराव्या आणि अमेरिकेत विसाव्या क्रमांकापर्यंत गेलं. १९८३ च्या दौऱ्यात त्याने झेपेलिनचं एकही गाणं घेतलं नाही. तिकीट काढून आलेले लोक ओरडून जुनी गाणी मागत असताना हे निभावणं सोपं नसतं. १९८४ मध्ये हनीड्रिपर्स या नावाने जुनी प्रेमगीतं गाऊन पाहिली, तर त्यातलं एक अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर पोचलं. जुनी गाणी त्याने १९८८ च्या दौऱ्यात परत घेतली, तोवर स्वतःचं वेगळं खातं उघडून झालं होतं.

दरम्यान १३ जुलै १९८५ चा लाइव्ह एड, मदतनिधीसाठीचा मोठा कार्यक्रम. फिलाडेल्फियाच्या मैदानावर तिघं एकत्र आले, ड्रमवर टोनी थॉम्प्सन आणि फिल कॉलिन्स. तीन गाणी झाली आणि तिन्ही बिघडली. कारणं उघड होती. कॉलिन्स त्याच दिवशी लंडनमध्ये गाऊन कॉनकॉर्ड विमानाने आलेला, त्यामुळे त्याच्यासह तालीम नाही. दोन ड्रमर एकत्र ठेवायचे तर ठेक्यातला कोणता भाग कोणी धरायचा हे आधी वाटून घ्यावं लागतं, ते झालेलं नव्हतं. पेजची गिटार सुरात नव्हती आणि प्लांटचा घसा बसलेला होता. बँडने पुढे या कार्यक्रमाच्या अधिकृत डीव्हीडीत आपला भाग घालू दिला नाही.

याच्या शेजारी १० डिसेंबर २००७ चा लंडनच्या ओटू सभागृहातला कार्यक्रम ठेवून पाहावा. बँडची रेकॉर्ड कंपनी ॲटलांटिक रेकॉर्ड्स, तिचे एक संस्थापक अहमत एर्तेगून यांच्या स्मरणार्थ होता. तालमी काही महिने आधीपासून सुरू होत्या. ड्रमवर एकच माणूस, जेसन बॉनम, ज्याला वडिलांचे ठेके तोंडपाठ. सोळा गाणी. आणि काही गाण्यांची पट्टी मूळच्या खाली उतरवलेली. पट्टी उतरवणं आपल्याकडच्या गायकांना नवं नाही, हार्मोनियमवर बोट सरकवलं की झालं. गिटारवर तसं होत नाही. या गाण्यांतले गिटारचे ठरलेले तुकडे मोकळ्या तारांच्या घुमण्यावर उभे असतात. पांढरी सहातलं गाणं पांढरी पाचवर नुसतं सरकवलं तर त्या मोकळ्या तारा निसटतात. म्हणून सगळ्याच तारा एक स्वर सैल कराव्या लागतात. सैल तार बोटाखाली सुटी पडते, सूर हलतो, म्हणून जाड तारा लावाव्या लागतात. मग वाद्याचा नादही थोडा काळोखा, जड होतो. ५९ वर्षांच्या गळ्याला तो शोभला. तिकिटांसाठी नाव नोंदवण्याच्या विनंत्या दोन कोटींवर गेल्या होत्या. आत जागा होती विसेक हजार लोकांची.

एवढ्या मागणीनंतर दौरा काढणं हा सरळ हिशोब होता. प्लांटने सप्टेंबर २००८ मध्ये जाहीरपणे नाही म्हटलं. तेव्हा तो ॲलिसन क्राउसबरोबर गात होता.

दुसऱ्याच्या सुरात सूर

क्राउस अमेरिकेतली ब्लूग्रास (बँजो, फिडल अशा तारवाद्यांवरचं तिथलं लोकसंगीत) गायिका आणि फिडल म्हणजे व्हायोलिन वाजवणारी. दोघं २००४ मध्ये क्लीव्हलंडला एका स्मरणार्थ कार्यक्रमात पहिल्यांदा एकत्र गायले. ऑक्टोबर २००७ मध्ये दोघांचा ‘रेझिंग सँड’ हा अल्बम आला, निर्माता टी बोन बर्नेट. फेब्रुवारी २००९ मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमसह पाच ग्रॅमी मिळाले.

इथे प्लांटला जे शिकावं लागलं ते आपल्या कानांना सहज लक्षात येत नाही, कारण आपल्या परंपरेत दोघं गातात तेव्हा बहुधा एकाच सुरावर मिळतात. हार्मनीत एक जण सा धरतो तेव्हा दुसरा ग धरतो. दोघांमधलं अंतर प्रत्येक शब्दाला ठरलेलं असतं. त्यात एकाने ऐन वेळी मींड घेतली, शब्द अर्धी मात्रा उशिरा टाकला, की दुसरा उघडा पडतो आणि सूर घासतात. प्लांटची सारी कारकीर्द ऐन वेळी सुचेल ते करण्यावर उभी होती. आता तीच ओळ तशीच, त्याच श्वासात, त्याच जागी, दर वेळी म्हणायची होती. आवाजही कमी करावा लागला. माइकच्या अगदी जवळ, दोन-तीन इंचांवर, हळू गायलं की माइक खर्ज फुगवतो आणि श्वासाची किनार ऐकू येते. वयाने वरचे सूर घेतले तरी खालचे सूर भरत जातात, त्याचा पुरेपूर उपयोग त्याने इथे केला. दोघांचा दुसरा अल्बम यायला २०२१ उजाडलं.

दूरदेशीच्या संगीताची ओढ मात्र बँडमध्ये असल्यापासूनची. १९७२ मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन दोन गाणी ध्वनिमुद्रित केली आणि कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या डिस्कोथेकमध्ये वाजवलंही. ती दोन मुद्रणं बँडने अधिकृतपणे २०१५ मध्ये बाहेर काढली. १९९४ च्या पेज-प्लांट प्रकल्पात मोरोक्कोतल्या मराकेशला जाऊन केलेलं काम आहे, इजिप्तचे वादक आहेत, आणि भारतीय वंशाची ब्रिटिश गायिका नजमा अख्तर आहे. २००३ मध्ये तो मालीच्या वाळवंटातल्या महोत्सवात गायला.

हे सगळं स्वतःच्या कानांनी तपासायचं असेल तर एकच गाणं धरा, ‘ब्लॅक डॉग’. त्यात गायकाची ओळ साथीशिवाय सुटी येते आणि मग वाद्यं उत्तर देतात, म्हणून गळा उघडा ऐकू येतो. आधी १९७१ चं स्टुडिओतलं, मग १९७२ चं कॅलिफोर्नियातलं, १९७३ चं न्यूयॉर्कमधलं, २००७ चं ओटूमधलं. प्रत्येक ठिकाणी फक्त पहिली सुटी ओळ ऐका आणि हार्मोनियमवर किंवा फोनमधल्या ट्यूनरवर तिचा सर्वांत वरचा सूर शोधा. दोन प्रश्न विचारा: पट्टी बदलली आहे का? पट्टी तीच असेल, तर चाल कुठे वळवली आहे? शेवटी २००८ मध्ये क्राउसबरोबरच्या दौऱ्यात बँजोवर, संथ लयीत केलेलं तेच गाणं ऐका. ते झाल्यावर सप्टेंबर २०२५ चा ‘सेव्हिंग ग्रेस’ हा अल्बम लावा. त्यात तो सूझी डायन या गायिकेबरोबर गातो. वय ७७, आणि पुष्कळ ठिकाणी पुढचा सूर तिचा आहे.